ओळखीचं अक्षर

सोलापूर, ९ ऑगस्ट १९७५

प्रिय नारायण,

सप्रेम सलाम. चार वर्षांनी तुला पत्र लिहिते आहे. होटगी इथून गाडीने अर्ध्या-पाऊण तासावर, आणि सख्ख्या भावाला पोस्टाने गाठावं लागतं. हे पत्र तुझ्या आधी ईश्वरप्पा वाचणार असेल तर वाचू दे. त्याच्यापासून लपवण्यासारखं यात काही नाही, उलट त्यातलं बरंचसं त्याच्यासाठीच आहे.

परवा बाजारात सुंदरम्मा दिसली. आधी मी तिला ओळखलंच नाही. गळ्याची हाडं वर आलेली, हातातल्या बांगड्या कोपरापर्यंत सरकतील इतका हात बारीक झालेला. मी विचारलं, क्षयाच्या सुया चालू आहेत ना? तिने पदर तोंडाला लावला आणि म्हणाली, "बंद केलंय आक्का. प्रार्थना चाललीय." एवढं बोलून ती गाडीची वेळ झाली म्हणून निघून गेली. गाडीला अजून तासभर होता.

डॉक्टरांनी दीड वर्ष सांगितलं होतं. पाच महिन्यांत बंद कुणी करायला लावलं? तुझ्या बायकोची तब्येत ठरवणारा ईश्वरप्पा कोण?

या माणसाबद्दल मी चौकशी केली आहे, हे सरळ सांगते. अक्कलकोटकडचा, लिंगायत घरातला. रुळांवर गँगमन होता. नोकरी सोडली, सायकलवर पवित्र शास्त्र बांधून फिरायला लागला आणि आता रेल्वे क्वार्टर्समधली वीस घरं त्याच्या संगतीत, म्हणजे त्याच्या प्रार्थनासभेत, जातात. त्याची पत्रकं माझ्या शाळेतल्या मुलींच्या दप्तरातही निघाली. कागद इतका गुळगुळीत की तो इथल्या छापखान्यातला नाही. मागे बारीक अक्षरात अमेरिकेतल्या कुठल्याशा गावाचं नाव आहे. जीपमधून एक गोरं जोडपं दोनदा येऊन गेलं म्हणतात. नारायण, मी चर्चच्या पाळकाची मुलगी आहे आणि तीस वर्षं मिशनच्या शाळेत आहे. बाहेरून आलेला माणूस काय देतो आणि बदल्यात काय घेतो ते मी जवळून पाहिलंय. म्हणून मला संशय येतो.

तुझ्या डोक्यात हे कुणी भरलं, याचा मी चार वर्षं विचार करते आहे. पाहुणे प्राध्यापक आले होते तो रविवार मला कालच्यासारखा आठवतो. ते इंग्रजीत बोलत होते आणि मी शेजारी उभी राहून मराठीत सांगत होते. सृष्टीचे सहा दिवस हे दिवस म्हणून मोजू नयेत, असं मी सांगितलं, आणि तू मधल्या बाकावर उभा राहिलास. "मग बाकीचं तरी खरं कशावरून?" असं म्हणालास आणि बाबांच्या मंडळीतून कायमचा बाहेर पडलास. त्याआधी आपण धर्मावरून कधी भांडलो नव्हतो. एकदाही नाही. म्हणूनच म्हणते, हे तुझं नाही, कुणीतरी पेरलेलं आहे.

सुंदरम्माला औषध दे. बाकी काय मानायचं ते मान.

तुझी आक्का,
पद्मजा


२९ सप्टेंबर १९७५

प्रिय नारायण,

तुझं कार्ड मिळालं. ना सलाम, ना खुशाली. शास्त्रातली पाच स्थळं लिहिलीस, अध्याय आणि ओवी, बस्स. मी पाचही काढून वाचली. पाचही प्रार्थनेने बरं होण्याची. मला ती लहानपणापासून पाठ आहेत आणि तुलाही ती मीच पाठ करून घेतली, पण असो.

काल मी होटगीला येऊन गेले. तू मला पाहिलंस हे मला माहीत आहे, कारण त्यानंतर तू एकदाही मागे वळून बघितलं नाहीस. बायकांच्या बाजूला अगदी शेवटी बसले होते. सगळ्यांची डोकी झाकलेली, एकही बाई तोंड उघडत नव्हती. माझ्या शेजारच्या चंद्रव्वाला मी हळूच विचारलं, इथे बायका प्रार्थना करत नाहीत का? ती म्हणाली, "मनात करायची की."

ईश्वरप्पा दिसायला मी समजत होते तसा नाही. आवाज चढवत नाही. बोट ठेवून ठेवून वाचतो, पहिलीतली मुलगी वाचते तसं, आणि एक ओळ संपली की पुस्तक वर धरून म्हणतो, "लिवलंय तसं झालंय." सगळे मागून म्हणतात, "झालंय." माझ्या अंगावर काटा आला, आणि तो भक्तीचा नव्हता. पाढे म्हणावेत तसं माणसं देवाला म्हणत होती. शंका आली तर कुठे ठेवायची, याला तिथे जागाच नाही. येडू गँगमन भेटला. सख्ख्या भावाच्या मुलीचं लग्न होतं, तिथे मूर्तीची पूजा असणार म्हणून ईश्वरप्पाने त्याला जाऊ दिलं नाही. सांगताना त्याचे डोळे भरले होते, पण बरोबर केलं असंही तोच म्हणाला. याला तू विश्वास म्हणतोस?

अजून एक लिहिते, म्हणजे मी एकांगी आहे असं तुला वाटायला नको. तिथल्या निम्म्या लोकांना मी ओळखत होते. ते आपल्याच मंडळीतले, सोलापुरात असताना दाराजवळ बसायचे. पुढचे बाक आमचे असायचे, हेडबाईंचे, नर्सबाईंचे, मिशनच्या कारकुनांचे. तसं कुणी सांगितलं नव्हतं, पण बसायचे आम्हीच. येडू तुमच्याकडे पहिल्या रांगेत बसतो. हे मी पाहिलं. त्याने माझं मत बदललं नाही.

सुंदरम्मा शेवटपर्यंत खोकत होती. गाणं चालू असताना ती बाहेर गेली, आणि तू गात राहिलास.

यावर कुणीतरी काहीतरी करायला हवं. तू करणार नसशील तर दुसऱ्या कुणाला तरी करावं लागेल.

आक्का


१२ डिसेंबर १९७५

प्रिय नारायण,

काल सकाळी शाळेत निरोप आला की तुला आणि ईश्वरप्पाला पोलिसांनी नेलं होतं आणि तीन दिवसांनी सोडलं. ऐकून मला खुर्चीवर बसवेना. मारहाण झाली का? जेवायला काही दिलं का? तुझं पोट आधीच नाजूक.

लोक सांगतात की कुणीतरी अर्ज केला होता. नाव न घातलेला. परवानगीशिवाय सभा भरते, परदेशी लोक येतात, परदेशी पत्रकं वाटली जातात, असं काहीसं त्यात होतं म्हणे. सध्याचे दिवस कसे आहेत ते तुला ठाऊक आहे. असा कागद गेला की कुणी खरंखोटं करत बसत नाही. ज्याने लिहिला त्याच्या मनात कदाचित एवढंच असेल की त्या प्रचारकाला दोन प्रश्न विचारले जावेत आणि त्याने गाव सोडावं. तुला नेतील असं त्याला वाटलंही नसेल. मी त्या माणसाची बाजू घेत नाही. नुसता अंदाज करते.

दोन दिवसांपेक्षा जास्त आत राहिलास म्हणून रेल्वेने तुला निलंबित केलं हेही कळलं. अठ्ठावीस वर्षांच्या नोकरीत एकही शेरा नसलेला केबिनमन. बाबा असते तर.

तिथे तुला काय काय विचारलं ते मला लिहिशील का? म्हणजे कागदपत्रं वगैरे दाखवली का? सहज विचारते.

मी शाळेच्या कामात आहे. येऊ का, असं विचारण्याचा धीर होत नाही.

आक्का


२२ फेब्रुवारी १९७६

प्रिय नारायण,

हे पत्र मी इस्पितळातून लिहिते आहे. सुंदरम्मा झोपली आहे. काल रक्त पडलं नाही. तू संध्याकाळी येतोस तेव्हा मी व्हरांड्यात निघून जाते, म्हणजे तुला माझ्याशी बोलावं लागणार नाही. म्हणून एकाच छपराखाली असूनही लिहावं लागतं आहे.

मी इथे कशी आले ते तुला कुणी नीट सांगितलं नसेल. मागच्या सोमवारी दुपारी ईश्वरप्पा माझ्या खोलीच्या दाराशी येऊन उभा राहिला. होटगीहून सायकलवर आला होता, धोतर गुडघ्यापर्यंत धुळीने भरलेलं. मला वाटलं, याला काहीतरी कळलंय आणि आता हा मला धमकी देणार. मी त्याला आत ये म्हटलं नाही, पाणीही विचारलं नाही. दाराची कडी हातात धरून उभी राहिले.

तो म्हणाला, "सुंदरम्माला रक्त पडलं आक्का. सकाळी दवाखान्यात घातलंय. बाईमानूस पायजे जवळ. तुमच्याबिगर कोन न्हाई त्येनला."

कुणी घातलं, असं मी विचारलं. तो म्हणाला, मी घातलं. तुला समजावून समजावून तो थकला होता. शास्त्रात शुभवर्तमान लिहिणारा लूक वैद्य होता, आणि त्याला नुसतं वैद्य म्हटलेलं नाही, प्रिय म्हटलेलं आहे, हे त्याने तुला तीनदा उघडून दाखवलं. शेवटी त्याने येडूला बरोबर घेऊन सुंदरम्माला टांग्यात बसवलं, आणि इस्पितळाच्या कागदावर तू कशीबशी सही केलीस.

मी त्याला म्हटलं, मग औषध बंद कुणी केलं? माझी खात्री होती की तो आता खोटं बोलणार.

"त्यांनीच," तो म्हणाला. "देवाला शब्द दिलाय म्हनत्यात. पोरीच्या येळंला इस्वास कमी पडला, आता पडू द्यायचा न्हाई म्हनत्यात. मी असं कधी शिकवलं न्हाई, आक्का. पर माझ्या तोंडनं जे ऐकलं त्यातनंच त्यांनी घेतलं असंल. त्येचा जाब मला द्यावा लागंल."

मग त्याने मला विचारलं की करुणाला मातीत ठेवून आल्यावर तुम्ही भावाशी काय बोललात, ते तुम्हाला आठवतं का.

मला आठवत होतं. पण ती गोष्ट महत्त्वाची आहे हे मला चौदा वर्षांत एकदाही वाटलं नव्हतं. पाच वर्षांची तुझी पोर, घटसर्पाने दोन दिवसांत गेली. दुसऱ्या दिवशी सकाळी मी तुमच्या स्वयंपाकघरात चहा करत होते. तू येऊन उंबऱ्यावर बसलास आणि विचारलंस, "आक्का, याइराची मेलेली मुलगी येशूने हात धरल्यावर खरंच उठली होती का?" मी नुकतीच पुण्याचा शास्त्राचा अभ्यासवर्ग करून आले होते. वह्या भरून आणल्या होत्या. मी तुला म्हटलं, ती त्या काळच्या लोकांची सांगण्याची रीत होती, आपण त्यातला अर्थ घ्यायचा. आणि चहा गाळला. आपण धर्मावरून कधी भांडलो नाही, असं मी तुला पहिल्या पत्रात मोठ्या दिमाखाने लिहिलं. भांडायला तू शब्दच काढला नाहीस.

मी जे सांगितलं ते आजही मला चूक वाटत नाही. पण त्या सकाळी तू मला शास्त्राचा अभ्यास विचारत नव्हतास. तुझी मुलगी कुठे आहे ते विचारत होतास. मला ते ऐकू आलं नाही. मला माझ्या वह्या ऐकू येत होत्या. नऊ वर्षांनी त्याच आवाजात मी भर मंडळीत सहा दिवस मोजू नका म्हणून सांगितलं, तेव्हा तू उठलास.

अमेरिकेच्या पत्रकात मी मूळ शोधत होते. पत्रकं खोटी नाहीत, ती अजूनही तिकडूनच येतात आणि त्यातलं पुष्कळसं मला भीतीदायक वाटतं. पण ती तुला मिळाली तेव्हा तू आधीच नऊ वर्षं उपाशी होतास.

ईश्वरप्पाला मी अखेर आत बोलावलं. पाणी दिलं. त्याला विचारलं की इतक्या ठामपणे, अक्षरन् अक्षर खरं, असं तो कसं म्हणू शकतो. त्याने पेला खाली ठेवला. मग म्हणाला, "तिशीपत्तुर मला वाचाय येत नव्हतं. कागदावर आंगठा लावायचो, त्यात काय लिवलंय ते दुसरा सांगायचा. ह्या पुस्तकावर मी अक्षर शिकलो. आता मी वाचतो आन् शिकलेली मानसं सांगत्यात, लिवलंय तसा अर्थ न्हाई, अर्थ आमाला इचार. मग मी पुन्ना आंगठाच लावायचा का, आक्का?"

मी तीस वर्षं शिकवते आहे.

आणि तुझंही थोडं कळलं. तू लहान असताना सुट्टीत घरी आलास की गोष्टी रंगवून सांगायचास. केबिनमध्ये गेल्यापासून ते थांबलं. स्टेशनमास्तर फोनवर जो आकडा देतो तो तू तसाच परत म्हणतोस, तसाच वहीत लिहितोस आणि मगच सिग्नलचा लिव्हर ओढतोस. त्यात तुझा अर्थ घातलास तर दोन गाड्या एकमेकींवर जातील. अठ्ठावीस वर्षं दिलेला शब्द तसाच धरून तू माणसं सुखरूप घरी पोचवलीस. तुझ्यासारख्याला मी म्हटलं, शब्द सोड आणि अर्थ घे.

तरी ईश्वरप्पाच्या शिकवणीला मी हो म्हणत नाही, हे लक्षात ठेव. येडूच्या भावाच्या मांडवात त्याची रिकामी जागा राहिली ती राहिलीच. सुंदरम्माचे सात महिने गेले. न चुकणाऱ्या पुस्तकाबद्दल बोलता बोलता माणूस स्वतःला न चुकणारा समजायला लागतो. मी चुकणाऱ्या पुस्तकाबद्दल बोलत होते आणि माझंही तेच झालं.

तुला एक गोष्ट सांगायची आहे. या पत्रात सांगत नाही. सुंदरम्मा जागी होते आहे.

आक्का


३ एप्रिल १९७७

प्रिय नारायण,

सुंदरम्माचा छातीचा फोटो डॉक्टरांनी मला दाखवला. डाग वाळला आहे. औषध तिने एक दिवसही चुकवलं नाही, आणि शेवटचे कित्येक महिने तू स्वतः तिला पाण्याचा पेला देत होतास, असं ती म्हणाली. तुझी नोकरी गेल्या वर्षीच परत मिळाली. आणीबाणी उठली. आता लिहायला कसलीच सबब राहिली नाही.

मंगळवारी तपासणीहून परत जाताना ती माझ्याकडे जेवायला थांबली. मी तिला वाढत होते. बोलता बोलता पोलिसांचा विषय निघाला. गेलं वर्षभर तो निघू नये म्हणून मी जपत होते. ती म्हणाली की तिथल्या साहेबाने तुझ्यापुढे एक कागद ठेवला आणि विचारलं, हे अक्षर कुणाचं, ओळखतोस का. तू कागद हातात घेऊन खूप वेळ बघत राहिलास. साहेब चिडला. सांगितलंस तर आत्ता घरी सोडतो, म्हणाला. तू म्हणालास, ओळखत नाही. मग आणखी दोन दिवस ठेवलं.

मी भांडं खाली ठेवलं. ती जेवत होती, तिचं माझ्याकडे लक्ष नव्हतं. मग म्हणाली, "सुटून आल्यावर पयल्या आयतवारी संगतीत हुबं राहून सांगितलं त्यांनी, मी साहेबापुढं खोटं बोललो म्हनून. कशापायी ते न्हाई सांगितलं. ईश्वरप्पांनी लई इचारलं. न्हाईच सांगितलं. मग त्यांचं संगतीतलं वाचन बंद केलं की, वरीसभर. शेवटाला बसायचे." तिने भाकरी मोडली आणि म्हणाली, "कुनाचं अक्षर हुतं कुनास ठाव."

मी तिला सांगितलं नाही. आधी तुला सांगायला हवं.

अर्ज माझा होता, नारायण. नोव्हेंबरमध्ये, शाळा सुटल्यावर, वर्गातल्या टेबलावर बसून मी तो लिहिला. अक्षर बदलायचा प्रयत्न केला होता. स्वतःला सांगितलं की हे सुंदरम्मासाठी आहे. थोडं तिच्यासाठी होतंही. बाकीचं यासाठी होतं की एका गँगमनने माझा भाऊ नेला आणि मला ते सोसलं नाही. त्यानंतर तुला तीन दिवसांनी सोडल्यावर मी पत्र लिहिलं आणि त्यात त्या अर्ज करणाऱ्या माणसाबद्दल अंदाज करत बसले. ते पत्र तू वाचलंस तेव्हा तुला सगळं माहीत होतं. इस्पितळाच्या व्हरांड्यातून मी रोज तुझ्यासमोरून जात होते, तेव्हाही तुला माहीत होतं.

पाटीवर तुझा हात धरून मीच तुला अक्षर गिरवायला लावलं होतं. तू माझं अक्षर ओळखणार नाहीस, असं मला वाटलं कसं?

अक्षरन् अक्षर पाळणाऱ्या माणसाने माझ्यासाठी एक आज्ञा मोडली. मोडली हे कबूल केलं आणि त्याची शिक्षाही घेतली. माझं नाव तेवढं घेतलं नाही. पाच वर्षं मी तुझ्या विश्वासाचं मूळ शोधत होते, पण तुझ्या विश्वासात हेही असेल असं मला कधी वाटलं नाही. माझ्यात ते नव्हतं. मी अर्थ सांगत राहिले आणि भावाला पोलिसांत दिलं.

क्षमा मागते, पण ती पत्रातून मागून भागणार नाही हे मला कळतं.

येत्या रविवारी सकाळच्या गाडीने मी होटगीला येते. तुमच्यात बायका बोलत नाहीत हे मला ठाऊक आहे. ईश्वरप्पाचं वाचन संपलं की मी उभी राहीन आणि अर्ज कुणी केला, तू कुणासाठी खोटं बोललास, ते सगळ्यांपुढे सांगेन. त्यांनी मला खाली बसवलं तर बाहेर उभी राहून सांगेन. मग ते तुझ्याशी आणि माझ्याशी काय करायचं ते करोत.

तिथे नवी माणसं बरीच आली आहेत म्हणतात. मी उभी राहिले की त्यांतलं कुणीतरी तुला विचारेल, ही बाई कोण, ओळखता का?

या वेळी मात्र खरं सांग.

तुझी आक्का,
पद्मजा